केमो चालू असताना चालायला जावं का? आणि ऑपरेशनचा हात किती वर न्यावा?

गणितवाली_सातारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायलाच बसले.

मी साताऱ्याची, राहायला मंगळवार पेठेत. वय ४६, हायस्कूलला गणित शिकवते, सध्या वैद्यकीय रजेवर. यंदा पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही साफ केल्या. आता लाल केमो (लाल रंगाच्या औषधाच्या) चालू आहेत. त्या संपल्या की दर आठवड्याचं टॅक्सॉल, म्हणजे केमोचंच दुसरं औषध, मग रेडिएशन, असा कार्यक्रम पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलाय.

आजारपणाआधी रोज पहाटे ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चढून जायचे. सुट्टीला यवतेश्वरचा डोंगर. हिल मॅरेथॉनमध्ये कधी पळाले नाही, पण घाटात उभी राहून पळणाऱ्यांना पाणी दिलंय आणि ‘पुढच्या वर्षी आपण’ असं दरवर्षी मनात म्हटलंय. आता राजवाड्यावरून भाजी घेऊन घरी येताना मध्ये कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागतं. दुकानदार ओळखीचे, पाणी आणून देतात. तेच जास्त लागतं मनाला.

घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई आणि माहेरची मंडळी म्हणतात, झोपून राहा, अंगात ताकद राहिली पाहिजे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येते म्हणतात, म्हणून डाव्या हाताने तांब्या उचलला तरी ‘अगं ठेव, सूज येईल’. नवरा काही बोलत नाही, पण माझ्या आधी जाऊन बादली उचलून ठेवतो. दुसरा पक्ष शेजारच्या योगवर्गाच्या बाईंचा. त्यांचं म्हणणं, रोज कपालभाती कर, सगळं निघून जाईल. हॉस्पिटलमधून घरी सोडताना व्यायामाचा एक कागद मिळाला होता. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेला, चित्रं पुसट, आणि प्रत्येक चित्राखाली ‘सहन होईल तितकं’. आता ‘सहन होईल तितकं’ म्हणजे किती? मुलांनी उत्तरपत्रिकेत असं लिहिलं तर मी गुण देत नाही.

हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, पुढे अडतो. काखेतून कोपराच्या दिशेने कातडीखाली एक ताठ दोरी लागते. हात लांब केला की ती उमटून दिसते आणि थेट मनगटापर्यंत ओढ बसते. सर्जन म्हणाले, घाबरू नका, फिजिओ करा.

तर मला विचारायचंय ते हे. केमोच्या दिवसांत चालायला जावं का, आणि गेलं तर किती? हा हात कितपत रेटायचा? आणि वजन पुन्हा कधी उचलता येईल? बादली, मोठा कुकर, वह्यांचा गठ्ठा. की आता जन्मभर एकाच हाताने संसार करायचा?

कराडकर_दादा

ताई, काळजी घ्या. माझ्या आत्याला हाच आजार होता, तिला आम्ही काडी उचलू दिली नाही. शरीराला आतून लढायचं असतं, बाहेर शक्ती खर्च करू नये असं माझं प्रामाणिक मत. रोज सकाळी गव्हांकुराचा ताजा रस घ्या, घरीच कुंडीत लावता येतो. व्यायामाचं वर्षभराने बघू. गजानन महाराज पाठीशी आहेत.

शाहूपुरीची_काकू

वरच्या दादांचा जीव तुटतोय ते दिसतंय, पण अगं, केमोत घरी काढलेला कच्चा रस पिऊ नकोस. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना त्यातून पोटात जंतू गेले तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. आणि व्यायामाचं वर्षभराने बघून चालत नाही.

मी ६१ वर्षांची, पोस्टातून निवृत्त. माझं उजव्या बाजूचं होतं, म्हणजे लिहायचा, भाकरीचा, सगळ्याचा हात. काख साफ केलेली, केमो झालेल्या, रेडिएशन झालेलं, आता रोजची लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन दाबणारी गोळी. तेव्हा जे सांगते ते स्वतः जाऊन आल्यावरचं आहे. मी डॉक्टर नाही, तुझ्या डॉक्टरांना विचारूनच कर.

तुझ्या घरातले दोन पक्ष वाचून हसू आलं. आमच्याकडे एकच पक्ष होता आणि तो सत्तेत होता. सून मला चहाचा कपसुद्धा डाव्या हातात द्यायची. आल्या-गेल्याने शिरा, डिंकाचे लाडू, पलंगावर उशांवर उशा. लोकांना वाटतं कॅन्सर म्हणजे माणूस वाळणार. आपल्या या प्रकारात बऱ्याच जणींचं उलट होतं. केमोसोबतची स्टेरॉइडं, बसून राहणं आणि तो शिरा, यांत माझं वजन चांगलं सहा किलो वाढलं. ते उतरवायला पुढे जो त्रास झाला त्यावर वेगळा धागा काढीन कधीतरी.

थकव्याबद्दल एक गोष्ट लवकर समजून घे. पोस्टात पार्सलांच्या गोण्या ओढून थकलेली मी रात्रभर झोपले की सकाळी ताजी व्हायचे. केमोचा थकवा झोपेने जात नाही. दिवसभर पडून राहिलं की संध्याकाळी जास्तच गळल्यासारखं होतं, मग रात्री झोप नाही, मग दुसऱ्या दिवशी परत पलंग. माझ्या ऑन्कॉलॉजिस्ट बाई केमोच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या होत्या, या थकव्यावर माझ्याकडे गोळी नाही, चालणं आहे. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

किती चालायचं ते आता तुझ्या भाषेत सांगते. आलेख काढ. लाल केमो दर तीन आठवड्यांनी असणार. केमो घेतल्यावरचे तीन-चार दिवस मळमळ, तोंडाची चव गेलेली, तेव्हा घरातल्या घरात. जेवल्यावर हॉलमधून स्वयंपाकघरात आणि परत, दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पेशींचे काउंट खाली असतात, तेव्हा मंडई, लग्नकार्य, एसटी स्टँड असल्या गर्दीत नको. मी गच्चीत चालायचे, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत. तिसरा आठवडा सगळ्यात बरा, तेव्हा रस्त्यावर, वीस-पंचवीस मिनिटं, जमलं तर जास्त. पुढची केमो झाली की आलेख परत खाली. ते बघून खचायचं नाही, कारण तो खाली येणारच असतो. मागच्या वेळेपेक्षा तळ फार खोल गेला तरच डॉक्टरांना सांगायचं.

चार भिंती सध्या राहू दे. तुमच्या पेठेत घराबाहेर पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार, म्हणून यजमानांना सांग, गाडीवर बसवून सदर बझारकडे सपाट रस्त्यावर सोडा. बादल्या उचलण्यापेक्षा ते काम द्या त्यांना. आणि चालताना एका बाजूच्या रिकामेपणाची सोय कर, मऊ सुती भरावाची ब्रा मिळते किंवा घरी शिवता येते. नाहीतर आपण नकळत ती बाजू झाकायला खांदा पुढे घेऊन चालतो आणि मान-पाठ धरते. पोस्टातल्या मैत्रिणीने मला रस्त्यात बघून सांगितलं तेव्हा कळलं की मी कुबड काढून चालतेय.

आता हात. आमच्या मधल्या खोलीच्या दारामागे मुलाची उंची मोजायच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्याच्या पहिलीपासूनच्या. त्यांच्याशेजारी मी माझ्या बोटांच्या रेघा ओढायला लागले. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, पंजा भिंतीवर, बोटं एकेक करत वर चढवायची. ओढ बसली की तिथे थांबून तीन-चार सावकाश श्वास. मग तसंच बोटांनी उतरायचं, हात धपकन खाली टाकायचा नाही. मग भिंतीला कूस करून तेच. झाल्यावर पाठीवर झोपून दोन्ही हातांत छत्री आडवी धरायची आणि चांगल्या हाताच्या मदतीने डोक्यामागे न्यायची. लाटणं आखूड पडतं, करून बघितलंय. कधी कधी चार दिवस रेघ तिथल्या तिथेच राहायची, आणि मग अंघोळीनंतर अचानक दोन बोटं वर. गरम पाण्याच्या अंघोळीनंतरच करावं, तेव्हा कातडी सैल असते. पाणी कोमटाच्या जरा वर, कढत नाही.

माझ्याही कागदावर ‘केस विंचरणे’ असा एक व्यायाम होता. डोक्यावर एक केस नसताना आरशासमोर बसून कंगवा फिरवला तर मी आणि सून दोघी इतक्या हसलो, की नवरा टीव्ही बंद करून बघायला आला.

हाताची घाई कशासाठी, हे कुणी तुला सांगितलंय का? रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर नेऊन ठेवायचा असतो आणि मशीन फिरेपर्यंत हलायचं नसतं. हात तिथे पोचला नाही तर नीट मांडणीच होत नाही, सुरुवात लांबू शकते. तुला टॅक्सॉल संपेपर्यंत वेळ आहे, पण तो वेळ आजपासून लागतो.

एकाच हाताने संसार करायचा का, याचं उत्तर: मी आता आठवड्यातून दोनदा जिमला जाते. पोवई नाक्याच्या बाजूला. पोरं ‘काकू, आधी तुम्ही’ म्हणून मशीन सोडतात, त्यांना वाटतं आरोग्य खात्याची तपासणी आलीय. अर्ध्या किलोच्या डंबेलपासून सुरू केलं होतं. गव्हाचा डबा आता मीच उतरवते. सून अजून ‘आई, ठेवा ठेवा’ करते. करू दे.

मिरज_फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे बेळगाव-विजापूरपासून पेशंट येतात, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या घरात हेच दोन पक्ष असतात. तपासल्याशिवाय नेमकं सांगता येत नाही. तरी गणितवाली ताईंना आकडे हवेत, तर आकडे देते.

काकूंनी सांगितलेले भिंतीचे आणि छत्रीचे व्यायाम बरोबर आहेत. जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका असं बहुतेक सर्जन सांगतात. तुमची नळी कधीच निघालीय, जखम भरलीय, तेव्हा आता वर जायलाच हवं. ‘सहन होईल तितकं’ याचं माप असं: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, तर ओढ तीन-चारपर्यंत चालेल. थांबल्यावर काही मिनिटांत ती ओसरली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड, सुजलेला किंवा कालच्यापेक्षा जास्त दुखरा वाटला तर माप चुकलं, एक पायरी खाली या. दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. एकदाच तासभर रेटून फायदा नाही.

ती दोरी. याला अ‍ॅक्सिलरी वेब सिंड्रोम म्हणतात, काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांमध्ये भरपूर दिसतो. बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येतो. तो कॅन्सर नाही, शीर तुटलेली नाही, आणि हात हलवल्याने झालेला तर मुळीच नाही. हलवत राहिल्याने, हळूहळू ताण दिल्याने तो बहुतेकींचा जातो. कुणी मालिशवाल्या बाई ‘एक झटका देते, सुटेल’ म्हणाल्या तर नमस्कार करून उठा. ते ताणायचं तंत्र शिकलेल्या हातांचं काम आहे.

व्यायाम किती, यावर बाहेर बरंच काम झालंय. २०१९ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थेच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेलं माप असं की, आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम केला तर थकवा, चिंता, नैराश्य कमी होतं आणि रोजची कामं सोपी जातात. २०२२ मध्ये अमेरिकेच्याच कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं, की बरं करण्याच्या हेतूने उपचार चालू असताना डॉक्टरांनी व्यायाम सुचवावाच. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. हे ३० मिनिटांचं ध्येय आहे, सुरुवात नव्हे. पाच-पाच मिनिटांचे तुकडे जोडले तरी चालतात.

कधी थांबायचं तेही लिहून फ्रिजवर लावा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर व्यायाम सोडाच, तडक हॉस्पिटल, रात्र असली तरी. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर, धडधड, एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं: थांबा आणि फोन करा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली दिसल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताकदीचे व्यायाम नकोत. तुमची लाल केमो हृदयावर परिणाम करू शकते, म्हणूनच सुरुवातीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला असणार. त्याचा कागद तुमच्याजवळ ठेवा, कुठलाही फिजिओ तो मागेल.

वजन उचलण्याबद्दल सासूबाईंना जी भीती आहे ती डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं घातलेली आहे, त्यांचा दोष नाही. ‘या हाताने जास्त वजन उचलू नका’ हे वाक्य मीही कॉलेजात पाठ केलंय. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवर वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी हलक्यापासून, हळूहळू वाढवत, हाताला स्लीव्ह (सूज दाबून धरणारी घट्ट बाही) घालून, सुरुवातीला शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले आणि ताकद वाढली. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या पण ती येण्याचा धोका असलेल्या बायकांमध्येही वजनं सुरक्षित असल्याचं त्याच गटाने दाखवलं. कमकुवत हाताला एकदम बादली पडली तर ताण येतो. रोज थोडं उचलणाऱ्या हाताला तीच बादली नेहमीची वाटते. तुमचा हात वर जायला लागला की अर्ध्या किलोपासून सुरू करू, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं वाढवू. वह्यांचा गठ्ठा तुम्ही उचलाल.

आणखी एक गृहपाठ. शिंप्याची टेप घ्या. मनगट, त्याच्या वर १० सेंटिमीटर, कोपर, कोपराच्या वर १० सेंटिमीटर, अशी दोन्ही हातांची मापं महिन्यातून एकदा वहीत लिहा. दोन हातांतला फरक आधीपेक्षा २ सेंटिमीटरने वाढला, किंवा माप तेच पण ब्लाउजची बाही, अंगठी घट्ट वाटायला लागली, तर लगेच दाखवा. सुरुवातीची सूज लवकर आटोक्यात येते.

योगाबद्दल. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांवर योगाची मोठी चाचणी केली, ती २०२० मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडली गेली. त्यात सावकाश आसनं, मधे मधे विश्रांती आणि प्राणायाम होतं. ‘सगळं निघून जाईल’ असं त्यांनीही म्हटलेलं नाही, आणि योग होता तो उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. मळमळ असताना कपालभातीचे झटके मी देत नाही. अनुलोम-विलोम, भ्रामरी, खोल श्वास खुशाल करा. डाव्या बाजूच्या रेडिएशनला बऱ्याच ठिकाणी खोल श्वास भरून रोखायला सांगतात, म्हणजे हृदय किरणांपासून जरा दूर सरकतं. आज केलेला सराव तिथे उपयोगी पडेल. हातावर सगळा भार येणारी आसनं, सर्वांगासन आणि वेगाचे सूर्यनमस्कार सध्या बाजूला ठेवा.

तासगावची_बाग

मी तासगाव तालुक्यातली, आमची द्राक्षाची बाग आहे. मला हाताची सूज आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी उसाच्या पाल्यानं हाताला चरा पडला. एवढासा. रात्री हात लाल झाला, तापला, थंडी वाजून ताप भरला. अँटिबायोटिक घेतली, ताप गेला, सूज काही पूर्ण गेली नाही. मग मिरजेला रोज जाऊन बँडेजच्या थरावर थर बांधून उतरवली. आता सकाळी उठल्या उठल्या स्लीव्ह चढवते, रात्री काढते. दोन ठेवायच्या, एक हातात, एक धुण्यात. सहा महिन्यांत ढिल्या होतात, मग नवीन. घरची माणसं म्हणतात जुनीच वापर की. ढिली स्लीव्ह घालणं आणि न घालणं सारखंच.

ताई, तुम्हाला बादलीची काळजी आहे. आमच्याकडं फळछाटणीनंतर विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, सगळं मांडवाखाली उभं राहून हात वर करून. आधी सगळ्यांनी सांगितलं, तू आता बांधावर बसून बायकांचं चहापाणी बघ. एक हंगाम बसले. हात अजून जड झाला आणि डोकंही. मग फिजिओनं सांगितलं, हात वर असल्यानं सूज वाढत नाही, पण तेच ते काम तासन् तास करू नका. आता अर्धी ओळ झाली की खाली बसते, मुठी उघडमीट करते, खांदे मागं फिरवते, दहा खोल श्वास, मग उरलेली ओळ. औषधाच्या पाण्यात हात घालताना आत सुती आणि वर रबरी मोजे. म्हशीची धार चांगल्या हातानं. हाताला रोज रात्री साधं खोबरेल, कातडी फुटली नाही पाहिजे.

आणि बागेत राबते म्हणून व्यायाम नको असं नाही बरं का. मलाही वाटायचं, दिवसभर राबणाऱ्या बाईला आणि कसला व्यायाम? पण कामात एकच बाजू, एकच सांधा झिजतो. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं मोकळ्या हातानं चालते, तेव्हा खरं अंग सुटतं. जाऊबाई येतात सोबत. त्यांची शुगर उतरली, फुकटात.

गणितवाली_सातारा

सगळ्यांचे आभार. दोन-तीनदा वाचलं. सासूबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंच्या ‘सत्तेत असलेल्या पक्षा’वर त्या हसल्या नाहीत. बागवाल्या ताईंचं पुन्हा वाचायला सांगितलं. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘हात वर करायचाय तर कर, पण मग डाव्या हातात बांगड्या का नाहीत?’ ऑपरेशनच्या आधी काढल्या त्या काढल्याच आहेत. तर आता बांगड्यांचंही विचारून घेते.

दुसरं, टॅक्सॉलने पायाला मुंग्या येतात म्हणतात. तेव्हा चालायचं कसं? आणि घाटात कधी जाता येईल हे विचारणं आगाऊपणाचं आहे का?

शाहूपुरीची_काकू

आगाऊपणा कसला. मला मुंग्या आल्या तेव्हा मी चपला बंद केल्या. अंगठ्याला ठेच लागली तरी कळत नव्हतं, रक्त बघितल्यावर कळायचं. मागून पट्टा असलेलं पादत्राण घे आणि घरातही अनवाणी फिरू नकोस. देवघरापुरतं काढलंस तर चालेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं दारामागच्या रेघा तुम्ही ओढा, सुनेला ओढू देऊ नका, ती दोन बोटं वाढवून लिहील. आमच्या सुनेने माझ्या रेघांचा हिशेब असाच हातात घेतला आणि मग ‘ठेवा ठेवा’ निम्म्यावर आलं. घरच्यांना मोजायचं काम दिलं की त्यांची भीती जरा मार्गी लागते.

मिरज_फिजिओ

बांगड्या: सैल असतील तर घाला. मनगटावर वण उठेल अशा घट्ट नकोत, अंगठीचंही तेच. काचेची फुटून हाताला लागली तर बागवाल्या ताईंसारखं निस्तरावं लागतं, म्हणून या हातात धातूची सैल एखादी बरी. रक्त काढायला आणि बीपीला शक्यतो दुसरा हात पुढे करा. कापलं, खरचटलं तर लगेच साबणाने धुऊन जंतुनाशक मलम. हात लाल आणि गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर, सकाळची वाट बघायची नाही.

मुंग्या: आल्या तर ऑन्कॉलॉजिस्टना प्रत्येक वेळी सांगा. शर्टाचं बटण लावता येत नाही, खडू हातातून निसटतो, इतकं झालं तर नक्की सांगा, कारण डोस बदलायचा निर्णय त्यावर असतो. ‘चालायचंच’ म्हणून बायका गप्प बसतात आणि मुंग्या मागे राहून जातात. तोल सांभाळायचा व्यायाम आत्तापासून करा: ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. मग एका बोटाचा आधार. रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा. आणि पाणी किती गरम आहे ते पायाने बघू नका, उजव्या हाताच्या कोपराने बघा.

घाट: आधी सपाट रस्त्यावर सलग ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा थकवा उरलेला नाही, इथपर्यंत या. मग लहान चढ. मुंग्या आहेत तोवर यवतेश्वर चढलात तरी उतरताना गाडीने या. चढताना दम लागतो, पण बधिर पाय चुकतो तो उताराला. रेडिएशनच्या आठवड्यांत चालणं सुरू ठेवता येतं, काखेतल्या कातडीला घाम आणि घर्षण नको म्हणून सुती सैल कपडे आणि सकाळची वेळ. रेडिएशन संपल्यावरही हाताचे व्यायाम निदान वर्षभर सोडू नका, कातडी आणि खालचा स्नायू नंतरही आखडत राहतो. लेट्रोझोलसारखी गोळी लागली तर हाडं आणि सांध्यांसाठी वजनं लागतीलच, त्यासाठी काकूंची जिम आहे.

दोरीसाठी एकदा हातानेच तपासायला हवं. मिरजेला यायचं ठरलं तर केमोच्या तिसऱ्या आठवड्यात या, येताना ऑपरेशनचा रिपोर्ट, टूडी इको आणि शेवटचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, आणा. तो पुसट कागदही आणा, त्यावर आकडे लिहून देते.